टायगर हिलचा माथा आणि नामथिंगचं तळं: कैसर-ए-हिंद आणि हिमालयी सॅलमँडर

ऊन पडलं तर टायगर हिल, पाऊस लागला तर पोखरी, म्हणजे तळं. कैसर-ए-हिंद हे फुलपाखरू आणि हिमालयी सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर हे दोघंही एकाच फेरीत बघायचे असतील तर दार्जिलिंगच्या डोंगरात पाळायचा नियम एवढाच. खाली दिलेला दिवसांचा क्रम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ढग बघून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची खुशाल अदलाबदल करावी.

एक कीटक, एक उभयचर. तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. पण या दोघांचेही नर मादीच्या शोधात रानभर हिंडत बसत नाहीत, ठरलेल्या जागी जाऊन थांबतात. फुलपाखराची जागा डोंगराचा माथा, सॅलमँडरची जागा साचलेलं पाणी. म्हणूनच ते आपल्याला दिसण्याची आशा असते. आणि म्हणूनच ती एक जागा बिघडली की आजूबाजूचं रान शाबूत असूनही फारसा उपयोग होत नाही.

हंगाम मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य. कैसर-ए-हिंदच्या वर्षाला दोन पिढ्या उडतात. पहिली मे-जूनच्या सुमारास, दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरात. सॅलमँडर मार्च-एप्रिलच्या वळवाच्या सरींबरोबर पाण्याकडे सरकू लागतो आणि पावसाळ्यात तिथेच असतो. दोघांची गाठ पडते ती जूनच्या सुरुवातीला. मेमध्ये सुट्टीची गर्दी आणि चढे दर, जुलै-ऑगस्टमध्ये दरडी. दुसरी पिढी गाठायला सप्टेंबरात जाणाऱ्यांना फुलपाखरू मिळतं, पण तोवर सॅलमँडरची प्रौढ मंडळी पाणी सोडायच्या बेतात असतात.

पहिला दिवस: सिलिगुडी ते घूम

मुंबईहून बागडोग्राला थेट विमान आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी न्यू जलपाईगुडीला उतरायचं. तिथून दार्जिलिंग साधारण 75 किलोमीटर, पण तीन-साडेतीन तास धरून चालावं. शेअर सुमो सिलिगुडी जंक्शनजवळून सुटतात. सामान टपावर जातं, तेव्हा कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घ्यायची. टॉय ट्रेनचा मोह या दिवशी आवरावा. 1881 पासून चालणारी ही दोन फूट रुंद रुळांची गाडी युनेस्कोच्या यादीत आहे हे खरं, पण ती अख्खा दिवस खाते.

सिलिगुडी समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटरच्या आसपास, कर्सियांग 1,480, घूम 2,258. म्हणजे एका दुपारीत दोन किलोमीटरहून जास्त उभी चढण होते. खिडकीतून बघत बसलं तरी बरंच कळतं. आधी सालाचं जंगल, मग चहाचे मळे, आणि कर्सियांगच्या वर सरळसोट, काळसर हिरव्या झाडांच्या रांगा. ही धुपी, म्हणजे जपानहून आणून लावलेली क्रिप्टोमेरिया. इंग्रजांच्या काळापासून लाकडासाठी हिची लागवड होत आली. फोटोत ती फार छान दिसते, पर्यटकांना तीच ‘दार्जिलिंगचं जंगल’ वाटते. पण दाट धुपीखाली ऊन पोचत नाही, झुडपं वाढत नाहीत, आणि कैसर-ए-हिंदच्या अळीला खायला तिथे काहीच नसतं. अस्सल जंगल ओळखायचं ते शेवाळलेल्या, वाकड्यातिकड्या ओक आणि मॅग्नोलियाच्या झाडांवरून.

मुक्काम दार्जिलिंग गावात न करता घूम किंवा जोरबंगल्याला करावा. टायगर हिलचा फाटा इथूनच वर जातो आणि सुखियापोखरीचा रस्ताही घूमहूनच फुटतो. दार्जिलिंगहून आलं तर दोन्ही वेळा गाड्यांच्या रांगेत अडकायला होतं. घूमचं उणं एकच, धुकं. खोलीत दमट गारठा असतो, रात्रीतून लेन्सच्या आत बाष्प बसतं. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, आणि सकाळी बाहेर नेल्यावर डबा लगेच न उघडता दहा-पंधरा मिनिटं थांबावं.

संध्याकाळी सामान दोन पिशव्यांत वेगळं करून ठेवायचं. फुलपाखराच्या पिशवीत 8×42 ची दुर्बीण, 400 मिलिमीटरच्या आसपासची लेन्स, टोपी, पाणी. सॅलमँडरच्या पिशवीत पिवळसर प्रकाशाची टॉर्च, गमबूट, पाण्याचं तापमान मोजायला साधा थर्मामीटर, 15 सेंटिमीटरची पट्टी, पोलरायझिंग फिल्टर. जळवांसाठी लांब मोजे दोन्हीकडे लागतात. मच्छरांचं मलम मात्र दुसऱ्या पिशवीत नको. उभयचरांची त्वचा पाणी आणि हवा दोन्ही आत घेते, तशीच ती हातावरची रसायनंही घेते. जळवांवर टाकायचं मीठही तळ्याच्या काठाला वापरू नये. जळू नखाने खरवडून काढली तरी निघते.

दुसरा दिवस: टायगर हिल

जूनच्या सुरुवातीला इथे सूर्य पावणेपाचच्या आत उगवतो, मुंबईपेक्षा तासाभराहून अधिक आधी. घड्याळ मात्र तेच. महाराष्ट्रातून आलेले फुलपाखरूवाले सवयीने नऊला बाहेर पडतात आणि तोवर धुकं वर चढलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर इथल्या माथ्यावर निरभ्र वेळ मिळते ती बहुधा सकाळीच.

टायगर हिलची उंची सुमारे 2,590 मीटर. पहाटे चारला जीपगाड्यांची झुंबड उडते. कांचनजंगा दिसो न दिसो, सातपर्यंत सगळे नाश्त्याला परततात. आपलं काम त्यानंतर सुरू होतं. घूमहून चालत पाच किलोमीटर चढण आहे. सहाच्या सुमारास निघालं तर उतरणाऱ्या गाड्या ओलांडत साडेसातला वर पोचता येतं. सगळा डोंगर सेंचल अभयारण्यात येतो. हे 1915 पासून राखलेलं जंगल देशातल्या जुन्या राखीव जंगलांपैकी एक आहे, आणि दार्जिलिंगच्या पिण्याच्या पाण्याचे तलावही इथेच आहेत. डांबरी रस्ता सोडून आत शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या हवा. पण खरं सांगायचं तर या फुलपाखरासाठी आत शिरायची गरजच नसते, कारण ते आत नसतं, वर असतं.

कैसर-ए-हिंद, शास्त्रीय नाव टेनोपाल्पस इम्पीरियालिस, 1843 मध्ये होप यांनी वर्णन केलेलं. पंखांचा पसारा 90 ते 120 मिलिमीटर. नेपाळपासून पूर्वेला व्हिएतनामपर्यंतच्या डोंगरांत, साधारण 1,800 ते 3,000 मीटर उंचीवर ते उडतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्ल्यू मॉर्मन ज्या पुच्छ कुळात येतं त्याच कुळातलं, पण उडण्याची तऱ्हा अगदीच निराळी. मॉर्मन बागेत फुलांवर तरंगत फिरतं. हे झाडाच्या शेंड्यावरून बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं, एक फेरी मारतं आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतं.

या ‘त्याच फांदीवर’मध्येच युक्ती आहे. नर माथ्यावरच्या उंच झाडाची एखादी उन्हातली फांदी धरतो, दुसरा नर आला की हुसकावतो, आणि वर येणाऱ्या मादीची वाट बघतो. तेव्हा फुलपाखराच्या मागे दुर्बीण फिरवत बसू नये. माथ्याच्या पूर्वेच्या किंवा आग्नेयेच्या उतारावर, जिथे सकाळचं ऊन पहिलं पडतं, अशी दोन-तीन एकटी उंच झाडं निवडायची. झाडाच्या थेट खाली न थांबता वीस-पंचवीस मीटर वरच्या अंगाला उभं राहायचं, म्हणजे शेंडा नजरेच्या पातळीत येतो. खालून बघितलं तर आभाळासमोर नुसती काळी सावली दिसते, आणि बहुतेकांचे फोटो तिथेच फसतात. शटर 1/2000 च्या खाली नको. फोकस आधीच त्या फांदीवर लावून ठेवायचा, कारण उडताना कॅमेऱ्याला ते सापडत नाही.

नर हिरवा, मागच्या पंखावर ठसठशीत पिवळा डाग, मागच्या प्रत्येक पंखाला शेपटी एक. मादी मोठी, पिवळ्याऐवजी राखाडी पट्टे, आणि मागच्या पंखाला एकाहून जास्त शेपट्या. मादी फार कमी दिसते. माथ्यावर ती येते ती जोडीसाठी, एरवी तिचा वेळ अंडी घालायला झाडं शोधण्यात जातो.

ती झाडं म्हणजे मॅग्नोलिया, प्रामुख्याने मॅग्नोलिया कॅम्पबेली. इथले लोक त्याला घोगे चाँप म्हणतात. मार्च-एप्रिलात पानं येण्याआधी हे झाड पांढऱ्या-गुलाबी मोठाल्या फुलांनी भरतं. जूनमध्ये मात्र नुसती हिरवी पानं असतात, आणि ती ओळखता आली पाहिजेत: मोठी, लंबगोल, खालून फिकट. आपला सोनचाफा याच गटातला, मॅग्नोलिया चंपाका. पुण्या-मुंबईतल्या सोनचाफ्यावर टेल्ड जे या फुलपाखराच्या अळ्या वाढतात, तेही पुच्छ कुळातलंच. म्हणजे चाफ्याचं आणि या कुळाचं नातं आपल्या अंगणातही बघायला मिळतं.

ढग आला की खेळ संपला. कैसर-ए-हिंद उन्हाशिवाय उडत नाही. एक ढग दहा मिनिटांत सरकेल असं वाटलं तर थांबावं. पण दरीतून धुकं वर चढायला लागलं की तास-दोन तास तिथे कुडकुडण्यात अर्थ नसतो. दुपार सेंचल तलावाच्या रस्त्यावर घालवावी. ओलसर मातीवर इतर फुलपाखरं क्षार शोषायला उतरतात. आणि रात्री पावसाचा आवाज सुरू झाला तर उद्याचा बेत आपोआप ठरतो.

तिसरा दिवस: जोरपोखरी आणि सुखियाचा परिसर

घूमहून सुखियापोखरीचा रस्ता लेपचाजगतच्या जंगलातून जातो. सुखियाच्या थोडं अलीकडे जोरपोखरी. 1985 मध्ये सॅलमँडरसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालेली ही जागा फक्त चार हेक्टरची आहे. एवढं छोटं अभयारण्य बघून हसू येतं, पण एका तळ्यात वीण करणाऱ्या प्राण्यासाठी चार हेक्टर कमी नाहीत. त्या चार हेक्टरांचं काय केलं, हा प्रश्न आहे.

इथे काठ काँक्रीटचे बांधलेले आहेत. पाण्यात बदकं-हंस, सजावटीला फणा काढलेल्या नागाचा पुतळा, बाजूला पर्यटक निवास. सहलीला जागा छान. सॅलमँडर दिसण्याची आशा मात्र इथे धरू नये. जोरपोखरी बघायची ती दुसऱ्याच कारणासाठी: तळं ‘सुशोभित’ केल्यावर नेमकं काय तुटतं ते डोळ्यांनी बघायला.

त्यासाठी प्राण्याचा वर्षक्रम माहीत हवा. इथल्या सॅलमँडरचं शास्त्रीय नाव टायलोटोट्रायटन हिमालयानस. 2015 पर्यंत याला चीनच्या युनान प्रांतातल्या टायलोटोट्रायटन व्हेरुकोससमध्येच मोजत. त्या वर्षी पूर्व नेपाळमधल्या इलाम जिल्ह्यातल्या माई पोखरीच्या नमुन्यांवरून ही जात वेगळी काढली. जुनी पुस्तकं आणि पाट्या अजून जुनंच नाव सांगतात. नोव्हेंबर ते मार्च हा प्राणी पाण्यात नसतोच. तो काठापासून दूर, दगडांखाली, कुजक्या ओंडक्यांखाली, मुळांच्या पोकळीत पडून राहतो. वळवाचा पाऊस झाला की रात्री चालत तळ्याकडे निघतो. नर आधी पोचतात, माद्या मागून. टायगर हिलच्या फांदीवर जे चालतं तेच इथे पाण्याखाली.

आता काँक्रीटच्या काठाकडे बघा. उभी भिंत आहे, प्राणी वरून पडेल पण बाहेर चढणार नाही. काठाला गवत नाही, म्हणजे अंडी चिकटवायला जागा नाही. बदकं आहेत, ती अंडी आणि अळ्या टिपतात. आणि काठापलीकडे फरसबंदी आहे, म्हणजे हिवाळ्यात दडायला ओंडका नाही की दगड नाही. पाणी तेवढंच आहे, कदाचित पूर्वीपेक्षा जास्त. बाकी सगळं गेलं.

प्रत्यक्ष प्राणी बघायला सुखियाच्या आसपासच्या लहान पोखऱ्या, चहाच्या मळ्यातली डबकी, रस्त्याकडेची पाणथळ जागा अशा ठिकाणी जावं लागतं. घरगुती मुक्कामाच्या यजमानांना विचारायचं, ‘पानी कुकुर’ (सॅलमँडरचं इथलं नाव) कुठे दिसतो म्हणून. जागा खासगी असेल तर मालकाची परवानगी आधी. संध्याकाळी साडेसातनंतर, पाऊस थांबून रिमझिम उरली असेल तेव्हा जायचं. पाण्यात पाय घालायचा नाही. गाळ ढवळला की पुढचा तासभर काही दिसत नाही, शिवाय गवताला चिकटलेली अंडी तुडवली जातात. काठावर उकिडवं बसून टॉर्च पाण्याला जवळजवळ समांतर धरायची, म्हणजे उजेड परत डोळ्यांत येत नाही. एका जागी वीस मिनिटं. प्रौढ सॅलमँडर फुप्फुसाने श्वास घेतो, त्यामुळे अधूनमधून त्याला वर यावंच लागतं. पृष्ठभागावर एक घोट हवा, एक बुडबुडा, की पुन्हा तळाला. तो बुडबुडा कुठे उठला ते लक्षात ठेवलं की टॉर्च कुठे रोखायची ते कळतं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ती पाल किंवा सरड्याचं पिल्लू वाटतं. फरक सोपा आहे. अंगावर खवले नाहीत, बोटांना नख्या नाहीत, पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला पाच, शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी. लांबी साधारण 12 ते 20 सेंटिमीटर, मादी मोठी. रंग गडद तपकिरी, शेपटीच्या खालच्या कडेला पिवळट झाक. डोकं रुंद आणि चपटं, त्यावर हाडाच्या उठावदार कडा. पाठीच्या मधोमध एक कणा उंचावलेला, आणि दोन्ही कुशींवर गाठींची एकेक ओळ, प्रत्येक बाजूला सोळाच्या आसपास. एकेक गाठ एकेका बरगडीच्या टोकावर बसलेली असते आणि तिच्यात विषारी ग्रंथी असतात. कोणी तोंडात धरलं की बरगड्यांचा दाब गाठींवर येतो आणि विष तिथूनच सुटतं. काठावर पट्टी ठेवून लांबून फोटो काढला की मापाचा अंदाज येतो. हातात घेऊन मोजायची गरज नाही, आणि परवानगीही नाही.

वीण बेडकांपेक्षा वेगळी. बेडकांत बहुधा अंडी बाहेर पडल्यावर फलन होतं. इथे नर शुक्राणूंची पुडी तळाशी ठेवतो, मादी ती अवस्करात (मलमूत्र आणि अंडी बाहेर पडण्याच्या सामायिक वाटेत) उचलून घेते आणि फलन शरीराच्या आत होतं. नंतर ती अंडी सुटी सुटी गवताच्या पात्यांना, पाणवनस्पतींना चिकटवते, कधी काठाच्या ओल्या मातीवरही. पाण्याच्या तापमानानुसार दोनेक आठवड्यांनी अळ्या बाहेर पडतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, सॅलमँडरच्या अळीला पुढचे. कल्ले बघायला न मिळाले तरी एवढ्यावरून ओळख पटते.

अळी हा शब्द दोघांनाही लागतो, पण काम सारखं नाही. कैसर-ए-हिंदची अळी फक्त पानं खाते, कात टाकत टाकत वाढते, मग कोषात तिचं शरीर जवळजवळ नव्याने रचलं जातं. खाणं बदलतं, तोंड बदलतं, पंख येतात. सॅलमँडरला कोष नाही. त्याची अळी पहिल्यापासून शिकारी, आधी पाण्यातले बारीक कवचधारी जीव आणि किड्यांची पिल्लं, मोठेपणी गांडुळं, गोगलगायी, कीटक. कल्ले हळूहळू आत ओढले जातात, कातडी जाड होते, आणि काही महिन्यांनी ते जमिनीवर चढतं. वयात यायला वर्षं लागतात. फुलपाखराचं उडणारं आयुष्य काही आठवड्यांचं. याचा हिशेब असा की फुलपाखराचा एक हंगाम पावसाने वाया गेला तर त्या पिढीचं नुकसान मोठं. सॅलमँडर एक कोरडं वर्ष सोसून पुढच्या वर्षी पुन्हा तळ्यावर येऊ शकतो. मात्र तळ्यात एकदा मासे सोडले की अळ्या दरवर्षी खाल्ल्या जातात, आणि म्हातारे सॅलमँडर दिसत राहिल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. पाच-सात वर्षांनी अचानक एकही उरत नाही.

परतल्यावर गमबुटांचा चिखल ब्रशने काढून धुवायचा, ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसायचं, खडखडीत वाळवायचे. हे काम मुक्कामावर करावं, तळ्यापाशी नव्हे. 2013 मध्ये युरोपात सॅलमँडरचा बळी घेणारी एक बुरशी ओळखली गेली, तिचं मूळ आशियात असल्याचं मानलं जातं. एका तळ्याचा चिखल दुसऱ्या तळ्यात न नेणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

चौथा दिवस: दार्जिलिंग

प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद, बेत आखताना एवढं बघावं. पद्मजा नायडू हिमालयन झूलॉजिकल पार्क 1958 मध्ये सुरू झालं. बहुतेक लोक इथे हिमबिबट्या आणि लाल पांडा बघून परततात. प्राणिसंग्रहालयाच्या संवर्धन-प्रजनन कार्यक्रमात हिमालयी सॅलमँडरही आहे. प्रजनन केंद्र पर्यटकांसाठी खुलं नसतं, त्यामुळे तिथे जाऊन काही दिसेल अशा भरवशावर राहू नये.

याच आवारात बंगाल नॅचरल हिस्टरी म्युझियमचा जुना संग्रह आहे. फुलपाखरांच्या पेट्यांसमोर वेळ द्यावा. टाचणीला लावलेल्या नमुन्यांत पुच्छ कुळातले नर-मादी शेजारी शेजारी बघून घेतले की माथ्यावर उडताना ओळखायला सोपं जातं. इतर कित्येक फुलपाखरांचे लाल-पिवळे रंग जुन्या नमुन्यांत विटतात. कैसर-ए-हिंदचा हिरवा टिकतो. कारण तो रंगद्रव्याचा नाही. पंखावरच्या खवल्यांच्या आत कायटिनची (कीटकांचं कवच ज्याचं असतं त्या द्रव्याची) अतिसूक्ष्म, तिन्ही दिशांना वेटोळी घेत गेलेली जाळी असते, ‘जायरॉइड’ म्हणतात ती. तिच्यावरून प्रकाशातला हिरवा भाग तेवढा परत फिरतो. जाळी शाबूत तोवर रंग शाबूत. सॅलमँडरला स्पिरिटच्या बाटलीत ठेवलं की काही वर्षांत तो फिका, ओळखू न येणारा होतो. त्याचं सगळं रूप ओल्या जिवंत कातडीत असतं.

ऊन असेल तर मात्र संग्रहालय दुपारी, सकाळ पुन्हा टायगर हिलला.

पाचवा दिवस: सितोंगच्या वाटेने नामथिंग पोखरी

जोरबंगल्याहून मुंगपूकडे उतरणारा रस्ता सिंकोनाच्या लागवडीतून जातो. इथेच एकेकाळी कोयनेलचा कारखाना उभा राहिला. पुढे सितोंगच्या संत्र्यांच्या बागा, आणि लाटपंचारच्या अलीकडे शेलपूच्या डोंगरात नामथिंग पोखरी. अंतर नकाशावर थोडकं दिसतं, पण रस्ता अरुंद आणि पावसात खचलेला असतो. छोटी गाडी पूर्ण दिवसासाठी ठरवावी आणि दुपारी तीनच्या आत परत फिरावं. नाहीतर सितोंगलाच मुक्काम करावा, ते जास्त शहाणपणाचं, कारण इथलं बघणं रात्रीचं आहे.

नामथिंग हे हंगामी तळं. हिवाळ्यात आटतं, पावसात भरतं. पर्यटनवाल्यांना ही उणीव वाटते आणि ‘बारमाही पाणी ठेवा’ अशी सूचना हमखास होते. पण आटणं हाच या तळ्याचा गुण आहे. तळं आटलं की मासे टिकत नाहीत, मासे नाहीत म्हणून सॅलमँडरच्या अळ्या मोठ्या होतात. प्रौढ प्राण्यांना तेव्हा पाणी लागतच नाही, ते जमिनीखाली असतात. जोरपोखरीत पाणी आहे आणि प्राणी नाही, इथे अर्धं वर्ष पाणी नाही आणि प्राणी आहे. दोन्ही जागा लागोपाठ बघितल्या की तळं राखणं म्हणजे पाणी अडवणं नव्हे हे वेगळं सांगावं लागत नाही.

काठ बघावा. उतरता, चिखलाचा, गवताचा. पाण्यातून चार पायांवर चालत बाहेर पडता येईल असा. त्याच्यामागे झाडी, पालापाचोळा, दगड. दिवसा पोलरायझिंग फिल्टर लावून उथळ पाण्यातल्या गवताच्या बुडाशी बघितलं तर एकेकटी अंडी दिसू शकतात. पातं ओढून बघायचं नाही. थर्मामीटर काठापासून हातभर आत धरून तापमान नोंदवावं, वेळेसह. आधी पाऊस कधी पडला तेही लिहावं, त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हे सगळं लाटपंचारच्या उंचीचं, टायगर हिलहून बरंच खाली. इथे कैसर-ए-हिंदची वाट बघू नये. सॅलमँडरचा उंचीचा पट्टा खालपर्यंत पसरतो, फुलपाखराचा वरच्या अंगाला. दोघांचे पट्टे एकमेकांवर येतात ते घूम-सुखियाच्या आसपास, आणि नेमकी तिथेच धुपी, रस्ते आणि हॉटेलं जास्त आहेत.

सहावा दिवस: राखीव, आणि उतरणं

हा दिवस मोकळा ठेवावाच. या महिन्यात सलग दोन सकाळी ढगात जाणं नेहमीचं. आधीच्या दिवसांत ऊन मिळालं नसेल तर पहाटे पुन्हा वर, मिळालं असेल तर सरळ खाली. परतीचं विमान दुपारी दोननंतरचं घ्यावं. पंखाबारीच्या तीव्र वळणांचा रस्ता पावसात टाळून रोहिणीच्या रस्त्याने उतरावं, आणि एखादी दरड पडली असेल असं गृहीत धरून तीन तासांऐवजी पाच तास हातात ठेवावेत.

सोबत काहीही आणायचं नाही. पंखाचा पडलेला तुकडासुद्धा नाही. दोन्ही प्राण्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दोघांचेही गट साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहेत, टायलोटोट्रायटन 2019 च्या जिनिव्हा बैठकीपासून. 2008 मध्ये शेजारच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात परवान्याशिवाय कीटक पकडल्याबद्दल दोन परदेशी कीटकतज्ज्ञांना अटक झाली आणि दार्जिलिंगच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. तज्ज्ञ असणं हा बचाव चालला नाही. परदेशातले संग्राहक आजही कैसर-ए-हिंदसाठी पैसे मोजतात, आणि सॅलमँडर काचेच्या टाकीत पाळायला विकला जातो.

म्हणून नोंदी टाकतानाही हात आखडता ठेवावा. फोटोतलं जीपीएस आधी काढून टाकायचं. फुलपाखराच्या नोंदीत ‘टायगर हिल, सेंचल’ लिहायला हरकत नाही, ती जागा सगळ्यांना ठाऊक आहे आणि माथा कुणी पिशवीत घालून नेत नाही. सॅलमँडरच्या बाबतीत तालुक्यापुढे जाऊ नये. सुखियाजवळच्या एखाद्या मळ्यातलं दहा फुटी डबकं जाळी घेऊन आलेला एक माणूस एका रात्रीत रिकामं करू शकतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण झाकायची सोय आहे, ती नोंद टाकतानाच लावायची. नोंदीत तारीख, वेळ, उंची, ऊन की ढग, आधीच्या चोवीस तासांतला पाऊस, पाण्याचं तापमान आणि नर-मादी एवढं असलं की पुरे. काही दिसलं नाही तर तेही लिहावं, वेळ आणि हवामानासकट.